गोळी म्हणजे कुठली गोळी?

आमच्या गावात बायका नुसतं ‘गोळी’ म्हणतात. “वहिनी, ती गोळी होती का?” एवढंच. तेही दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ना, हे मागे वळून बघत. दिरांचं मेडिकल आहे. औषधं द्यायचं काम त्यांचं, ते त्यातलं शिकलेत. मी गल्ल्यावर बसते, बिलं बघते. पण काउंटरपाशी बाई बसलेली दिसली की बायका आधी माझ्याकडेच येतात. गेली कित्येक वर्षं मी हे ‘ती गोळी’ प्रकरण ऐकते आहे, आणि आता माझं ठाम मत झालंय की या एका शब्दानं आपलं जेवढं नुकसान केलंय तेवढं त्या गोळीनं केलेलं नाही.

कारण ‘ती गोळी’ म्हणजे एक गोळी नव्हेच. मला मोजून पाच तरी सांगता येतील.

पहिली रोजची, माला-डी, माला-एन वगैरे. दिवस राहू नयेत म्हणून महिनाभर रोज घ्यायची. दुसरी आठवड्याची. सहेली, किंवा सरकारी दवाखान्यात मिळते ती छाया. यात हार्मोन नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तिसरी ‘इमर्जन्सी’ची, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. चौथी पाळी पुढे ढकलायची. गौरी-गणपती आले, घरात लग्न निघालं की हिचा खप बघावा! आणि पाचवी गर्भपाताची. ती डॉक्टरांशिवाय देताच येत नाही, घेऊही नये. गर्भ नळीत राहिला असेल तर त्या गोळीनं तो जात नाही, आणि बाई जिवावर बेतेपर्यंत घरात बसून राहते.

आता सांगा, या पाचांना एकच नाव. जाऊबाईनं सांगितलं, ‘मी गोळी घेते, काही होत नाही’. ती घेत होती सहेली, आठवड्याला एक. हिनं आणलं माला-डीचं पाकीट आणि घेतली तीही आठवड्याला एक! दुसरी एक जण पाळी ढकलायची गोळी घेत होती आणि समजत होती की आता दिवसही राहणार नाहीत. पाळी लांबवायची गोळी हा संततिनियमनाचा उपाय नाही. आणि सण आला की मनानंच घ्यावी इतकी ती साधीही नाही. जिला रोजची गोळी चालत नाही, तिनं ही घेण्याआधीसुद्धा विचारायला हवं. (देवाला पाळी चालत नाही हे कुणी ठरवलं, यावर मी एक दिवस स्वतंत्र लिहिणार आहे.)

पण आज मला बोलायचंय ते रोजच्या गोळीबद्दल. हिला ‘संयुक्त गोळी’ म्हणतात, कारण तिच्यात दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं एक. दोन्ही मिळून अंडाशयाला बीज सोडू देत नाहीत. पाकिटात २८ गोळ्या. २१ हार्मोनच्या, आणि शेवटच्या सात गडद रंगाच्या, त्या लोहाच्या. त्या सात दिवसांत पाळी येते. कितीतरी बायका या सात गोळ्या टाकून देतात, नाहीतर ‘रक्त वाढेल’ म्हणून मुलीला देतात. मग होतं काय, की रोजची सवय मोडते आणि नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू होतं. गोळी फसते ती बहुतेक वेळा इथंच. नियमानं घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जाऊ नयेत इतकी ती पक्की आहे. प्रत्यक्षात विसराविसरी धरून सातेक जणींना जातात.

विसराविसरीचंही एक वेळ ठीक. मला खरी काळजी वाटते ती ‘ते येतात तेव्हा’ घेणाऱ्यांची. नवरा ट्रकवर, किंवा पुण्याला कंपनीत. शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. ही बाई शनिवारी आणि रविवारी गोळी घेते, बाकी दिवस पाकीट डब्यामागे. तिला वाटतं, उगाच रोज कशाला शरीरात औषध! तिचा हिशेब चुकीचा आहे असं कसं म्हणू? तिला कुणी सांगितलंच नाही की ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी त्या दिवसापुरती काम करत नाही. रोज घेतली तरच बीज थांबतं. अशी एक जण तिसऱ्या खेपेला अडकली तेव्हा म्हणाली, “वहिनी, गोळीच खोटी निघाली.” गोळी खोटी नव्हती गं! अशा घरात निरोध वापरावा किंवा तांबी बसवून घ्यावी, ते जास्त सोयीचं.

सुरुवात पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत करावी. त्यानंतर केली तर सात दिवस निरोध हवा. रोज एकच वेळ, रात्री जेवणानंतर म्हणा. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवेल तेव्हा एक घेऊन पुढच्या रोज चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोध वापरायचा. आणि त्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या सात सोडून सरळ नवं पाकीट चालू करायचं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा एक. पहिले दोन-तीन महिने मळमळतं, मध्येच थोडं लाल दिसतं. त्याला घाबरून अर्ध्यावर सोडू नये.

आता जिनं ही गोळी घेऊ नये ती बाई. मैत्रिणींनो, हा भाग कापून ठेवलात तरी चालेल. बाळंत होऊन सहा आठवडेही झाले नाहीत, तिनं नाहीच. अंगावर पाजत असेल तर सहा महिने होईपर्यंत नको. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तिनं नाही. पस्तिशी ओलांडलेली आणि विडी-सिगारेट ओढणारी, तिनं नाही. (मिश्री लावणाऱ्यांनो, नियम ओढण्याचा आहे, पण डॉक्टरांना मिश्रीही सांगा. तंबाखू ती तंबाखूच.) अर्धशिशी उठण्याआधी ज्यांना डोळ्यांपुढे चमचमतं, नागमोडी रेषा दिसतात, त्यांनी कुठल्याही वयात नाही. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, पक्षाघात, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, कावीळ किंवा यकृताचा मोठा आजार, यांतलं काहीही असेल तर नाही. मधुमेह जुना असेल तर विचारून.

आणि टीबी. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन या गोळीचा जोर कमी करतं. फिटच्या काही औषधांचंही तसंच. टीबीच्या गोळ्या आशाताई देतात, माला-एनही आशाताईच देतात, आणि तरी दोन्ही एकत्र चालू असल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. कारण एक गोष्ट मोठ्यानं सांगितलेली असते आणि दुसरी कुजबुजत.

इथं मला वाद घालायचाय तो भीतीशी. ‘गोळीनं गर्भाशय सुकतं’, ‘पुढं मूल होत नाही’, ‘गाठी होतात’ असलं काय काय कानावर येतं. गोळी बंद केल्यावर दिवस राहतात, बहुतेकींना लवकरच राहतात. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका तर या गोळीनं कमी होतो. धोका आहे तो रक्ताच्या गुठळीचा, आणि तो लपवू नये. पण आकडे बघा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदर बायकांत ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. गोळीला ‘बाई गं, जपून’ म्हणणारे आपले लोक लागोपाठच्या तिसऱ्या बाळंतपणाला मात्र ‘देवाची कृपा’ म्हणतात!

अमेरिकेत १९६० साली ही गोळी संततिनियमनासाठी मंजूर झाली तेव्हा तिच्यात हार्मोनचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं. आजच्या माला-डीत इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम. भीती मात्र त्या जुन्या मापाचीच चालू आहे. आणि दुसऱ्या टोकाला इमर्जन्सीची गोळी महिन्यातून तीनदा घेणाऱ्या मुली. त्या एका गोळीत एक हार्मोन माला-डीच्या दहा गोळ्यांइतकं असतं. एखाद्या वेळी तिचा आधार मोठा आहे, घ्यावी. पण दर वेळी तीच घेतली तर पाळीचं वेळापत्रक बिघडतं, आणि रोजच्या गोळीइतकी खात्रीही मिळत नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. शंभर वर्षं झाली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं, गोळी ५.१ टक्के आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. म्हणजे सगळा भार बाईवर, आणि तोही बहुतेक वेळा ऑपरेशनच्या टेबलावर. मधल्या वर्षांत अंतर राखायला आपल्याला साधन लागतं, आणि ते आपण वर्तमानपत्रात गुंडाळून, पदराखाली धरून नेतो.

सासूबाईंपासून लपवायचं असेल तर लपवा. प्रत्येक घर वेगळं असतं, मी कोण सांगणार? पण डॉक्टरांपासून लपवू नका. पाय मोडून प्लास्टर घातलं, पोटाचं ऑपरेशन ठरलं, तर ‘मी गोळी घेते’ हे पहिलं सांगा. तसं पडून राहावं लागणार असेल तर ती आधी थांबवतात. एका पोटरीत सूज येऊन दुखायला लागलं, छातीत दुखून धाप लागली, कधी नव्हे असं डोकं ठणकलं, दिसायला किंवा बोलायला अचानक त्रास झाला, पोटात असह्य कळ आली, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. तिथं ‘ती गोळी’ म्हणून भागत नाही, डॉक्टरांना नाव लागतं. ते आठवत नसेल तर पाकीटच बरोबर न्या, रिकामं असलं तरी.

गोळी सुरू करण्याआधी एकदा बीपी मोजून घ्या. उपकेंद्रात फुकट मोजतात, पाच मिनिटांचं काम. नर्सताईंना नीट सांगा, “मला रोजची, माला-एन हवी आहे.” सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. आमच्याकडे आलात तरी नाव सांगूनच मागा. दीर वर मान करून बघतसुद्धा नाहीत, त्यांना क्रोसिन आणि माला-डी सारखीच.