बाळ एकच बाजू घेतं तेव्हा



गेल्या महिन्यात शाळेतून घरी येऊन पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच रोशन गेटहून भाचीचा फोन आला. बाळ अठरा दिवसांचं. बोलणं कमी आणि रडणंच जास्त. "खाला, हा उजव्या बाजूला तोंडच लावत नाही. डावीकडे तासभर पितो, उजवीकडे घेतलं की पाठ ताणून किंचाळतो. ती बाजू दगडासारखी झालीय. सगळे म्हणतात डबा आणा."

तशीच रिक्षा करून गेले. घरात तीन मतं होती. सासूबाईंचं मत, उजव्या बाजूचं दूध 'खराब' झालंय, ते काढून टाका आणि पाजू नका. जाऊबाईंचं मत, आईला नजर लागली आहे. आणि कोपऱ्यात तस्बीह घेऊन बसलेल्या दादी शांतपणे म्हणाल्या, "काळजी कशाला करता? हलीमा दाईची गोष्ट ठाऊक नाही का? ही तर बरकतीची खूण आहे."

ती रिवायत आपण सर्वांनी मिलादच्या मजलिशीत ऐकलेली आहे. हजरत हलीमा सादिया (रजि.) यांच्या घरी आपले प्रेषित (स.) तान्हेपणी एकाच बाजूचं दूध घेत आणि दुसरी बाजू आपल्या दूधभावासाठी सोडत, असं सांगितलं जातं. न्यायाची शिकवण देणारी किती गोड गोष्ट! दादींचा हात हातात घेऊन मी एवढंच म्हणाले, "दादी, तिथे दुसऱ्या बाजूला पिणारा दूधभाऊ होता. इथे दुसरं बाळ नाही. ती बाजू कुणीच पीत नाही, म्हणून पोरीला ठणका लागलाय." दादी हसल्या आणि म्हणाल्या, "मग तूच बघ काय ते, टीचर आहेस ना."

मी डॉक्टर नाही. पण माझ्या दोन मुलांच्या वेळी ठेचा खाल्ल्या, नंतर आशाताईंकडून आणि बालरोगतज्ज्ञांकडून बरंच शिकले. तेच आज सांगते.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. तान्हं बाळ एक बाजू जास्त पसंत करतं, हे अगदी नेहमीचं आहे. दोन्ही स्तन सारखे नसतात. एकात दूध जास्त, एकात कमी. एकातून धार जोरात येते, एकातून हळू. एका बाजूचं स्तनाग्र उठावदार, दुसरीकडचं चपटं किंवा आत गेलेलं. बाळ शहाणं असतं, सोपी बाजू निवडतं. शिवाय आपली सवयही भर घालते. उजव्या हाताने काम करणारी बाई बाळाला डाव्या हातावर घेते, म्हणजे उजवा हात पाण्याच्या ग्लासाला, मोबाइलला मोकळा राहतो. दवाखान्यात एका हाताला सलाइनची सुई असेल किंवा सिझरचे टाके एका कुशीला ओढत असतील, तर पहिले चार दिवस एकच बाजू पाजली जाते. जी बाजू जास्त रिकामी होते, तिथे जास्त दूध तयार होतं. जी भरलेली राहते, तिथलं कमी होत जातं. मग बाळाची आवड आणखी पक्की होते.

पण कधी कधी कारण बाळाच्या शरीरात असतं आणि ते आपण शोधलं पाहिजे. बाळाला उजव्या स्तनाला नेहमीसारखं मांडीवर आडवं घेतलं की ते स्वतःच्या डाव्या कुशीवर येतं. आता आठवा, बीसीजीची लस कुठे देतात? डाव्या दंडावर. दीड महिन्याची पेंटाव्हॅलंट कुठे? डाव्या मांडीत. तिथे दुखत असेल, तर बाळ त्या कुशीवर यायला नाराज असणारच. तसंच खाली दबणारा कान ठणकत असेल, नाक चोंदलं असेल, प्रसूतीच्या वेळी खांद्याजवळच्या हाडाला मार बसला असेल किंवा चिमटा-व्हॅक्यूम लावल्याने डोक्याला सूज असेल, तरीही बाळ एका बाजूला रडतं.

भाचीच्या बाळाला मी गादीवर ठेवलं आणि नुसतं पाहत बसले. त्याचा चेहरा सारखा उजवीकडे. डावीकडून खुळखुळा वाजवला तर डोळे वळायचे, मान वळायची नाही. डोकं किंचित डाव्या खांद्याकडे कललेलं. व्हॅक्यूम लावून बाळंतपण झालं होतं, हेही कळलं. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मानेवर डावीकडे बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलं, स्नायूत छोटीशी गाठ. मानेचा एक स्नायू आखडला होता. उजव्या स्तनावर आडवं घेतलं की मान डावीकडे वळवावी लागे, आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. दूध खराब नव्हतं, नजर नव्हती, पोरीची चूक तर नव्हतीच. लवकर लक्षात आलं तर बहुतेक बाळं हलक्या व्यायामाने बरी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले. मालिशवालीच्या हातून मान ओढून घ्यायची नाही, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

आता घरी काय करायचं ते पाहू.

सगळ्यात उपयोगी पडली ती 'सरकवण्याची' युक्ती. बाळाला आवडत्या डाव्या बाजूला नेहमीसारखं लावा. दूध उतरलं, दोन-चार घोट गिळले, की त्याला न फिरवता, आहे त्याच स्थितीत उजव्या बाजूला सरकवा. त्याचे पाय आपल्या उजव्या काखेखालून मागे जातील, डोकं आपल्या तळहातावर येईल आणि खाली एक उशी लागेल. आपण शाळेत वह्यांचा गठ्ठा काखेत धरतो ना, तसं. बाळाला वाटतं आपण जुन्याच बाजूला आहोत. मानही त्याला हव्या त्याच दिशेला राहते. सिझर झालेल्या बाईलाही ही पकड सोयीची, कारण पोटावर भार येत नाही.

दुसरं, नावडती बाजू बाळ झोपाळलेलं असताना द्या. भुकेने लाल झालेलं बाळ नवं काही शिकत नाही. पंखा हळू, दिवा मंद, बाळाचे कपडे काढून उघड्या छातीवर थोडा वेळ ठेवा, वरून ओढणी घ्या. स्तनाग्रावर हाताने दोन थेंब दूध काढून लावा. कुणाचं बाळ उभ्याने झुलवत पाजलं तर घेतं. मात्र डोकं दाबून जबरदस्ती करू नका. दोनदा तसं झालं की बाळाला त्या बाजूची भीतीच बसते.

तिसरं, आणि हे चुकवू नका. बाळ पीत नाही तोवर त्या बाजूचं दूध दिवसरात्रीत निदान आठ वेळा काढा. आधी काही मिनिटं कोमट कापड ठेवा, मग अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून थोडी मागे ठेवून आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे हलकेच दाबा. जोराने रगडायचं नाही. नंतर थंड कापड ठेवलं की सूज उतरते. काढलेलं दूध फेकू नका. ते स्वच्छ वाटी-चमच्याने बाळालाच पाजा. साध्या हवेत चार तासांच्या आत संपवा, आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. बाटली आणली की बाळ आणखी सोपी वाट धरतं.

स्तनाग्र आत गेलेलं असेल तर एक देशी उपाय आहे. कर्नाटकातल्या दावणगेरेच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये तो लिहून प्रसिद्ध केला. नवी सिरिंज सुईच्या बाजूने कापायची, दट्ट्या कापलेल्या बाजूने आत घालायचा आणि गुळगुळीत टोक स्तनावर ठेवून हलकेच ओढायचं. स्तनाग्र बाहेर येतं. पहिल्या वेळी नर्सबाईंकडून शिकूनच करा.

'खराब दूध' या समजुतीबद्दलही सांगते. दूध साचून सूज आली किंवा स्तन पिकायला लागला, की त्या बाजूच्या दुधाला काही दिवस खारट चव येते आणि बाळ तोंड फिरवतं. ते विष नाही. पाजणं थांबवलं तर दुखणं वाढतं. पण ताप-थंडी, लाल गरम चट्टा किंवा खूप ठणका असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणखी एक गोष्ट घाबरवायला नव्हे, सावध करायला सांगते. आधी दोन्ही बाजू नीट घेणाऱ्या बाळाने एक बाजू अचानक कायमची सोडली आणि तिथे न विरघळणारी गाठ लागत असेल, तर लाज न बाळगता तपासून घ्या.

बाळाला पुरतंय का, हे डब्याच्या जाहिरातीवरून नाही, बाळावरून ठरवा. पहिला आठवडा सरत आला की दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का? दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत आलं का? आशाताई बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, वजन करतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, चहा द्या आणि विचारा. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, लघवी कमी झाली किंवा एक हात हलवेना, तर थांबू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा घाटीत न्या.

आणि सगळं करूनही बाळ एकाच बाजूवर राहिलं तर? तरीही हरकत नाही. जुळ्यांची आई दोन बाळं पोसते, म्हणजे एक बाजू एका बाळाला पुरू शकते. दुसरी बाजू हळूहळू आटते. मात्र वजनावर लक्ष हवं. डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध सांगितलं तर तेही द्यावं, त्यात आईचा पराभव नाही. पण नुसत्या 'लोक म्हणतात' यावर डबा आणू नका. बाळाच्या डब्याची जाहिरात आणि मोफत नमुने यांवर आपल्या देशात १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आपण नेहमी सांगतो. त्याच आयतीत पुढे काय आहे? आईच्या खाण्यापिण्याची आणि कपड्यांची जबाबदारी वडिलांवर आहे आणि मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये. हा अर्धा भाग आपण का विसरतो? भाचीच्या घरी त्या संध्याकाळी मी जावईबापूंना हेच सांगितलं. तेव्हापासून रात्रीचं एक दूध काढायचं भांडं तेच उकळून ठेवतात. सासूबाई पाजताना तिच्या पाठीशी उशी लावतात.

चिल्ला झाला त्या दिवशी पुन्हा गेले होते. बाळ उजव्या बाजूला काखेत धरलेलं, मिटल्या डोळ्यांनी पीत होतं. मान अजून पूर्ण वळत नाही, व्यायाम सुरू आहेत. दादी म्हणाल्या, "आता दोन्हीकडची बरकत!" भाची पहिल्यांदाच मोकळी हसली.

आपल्या घरात नवी आई असेल तर तिला सल्ले देण्याआधी तिच्याजवळ बसा आणि बाळाकडे नीट पाहा. त्याची मान कुठे वळते, कोणत्या कुशीवर ते रडतं, एवढं पाहिलं तरी निम्मं उत्तर मिळतं. अल्लाह सर्व मातांना आरोग्य आणि बाळांना दीर्घायुष्य देवो, आमीन.