फिरती सळई आणि आईची चूल

गेल्या आखाडात काकांनी मुंबईच्या चोरबाजारातून कोंबडी भाजण्याची विजेची जुनी भट्टी विंझरला आणली. सळईत ओवलेली कोंबडी लहानशा मोटारीने संथ फिरते. सुटलेली चरबी तिच्या अंगावरच निथळते, म्हणून मांस कोरडे पडत नाही. तोल मात्र साधावा लागतो. आमची पहिली कोंबडी एका कुशीवर अडली अन् करपली! भट्टी १२०० वॉटची. दीड तासाला जवळजवळ दोन युनिट वीज. ‘श्रीमंती चोचले’ म्हणून शेजारी हसले. मला तसे वाटत नाही. धूर नाही, फुंकणी नाही, हे काय थोडे झाले?

माझी तक्रार वेगळीच आहे. एरवी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडणारे आम्ही पुरुष त्या दिवशी भट्टीभोवती कोंडाळे करून बसलो. मसाला वाटला आईने, आणि बारा माणसांच्या तांदळाच्या भाकरी तिनेच मागच्या पडवीत, ओल्या लाकडांच्या धुरात डोळे पुशीत भाजल्या. घरात वीज येऊन इतकी वर्षे झाली. तिचे पहिले बटण आईच्या हाताशी का नसावे? मी हे काकांजवळ बोललो. ते म्हणाले, “वहिनींना चुलीचीच सवय.” वहिनींना मात्र कोणी विचारले नव्हते. मी विचारले. भट्टीकडे बघत आई म्हणाली, “भाकरी होईल का रे त्याच्यावर?”