गिरणी बंद ठेवणाऱ्याचं नाव

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळ मागे पडलं की किकवी येतं. वाईकडे शूटिंगला निघालेल्या जनरेटर व्हॅन, व्हॅनिटी व्हॅन याच रस्त्यानं जातात. भोरच्या राजवाड्यात काम असेल, तर त्या अलीकडेच कापूरहोळहून उजवीकडे वळतात. किकवीच्या वाट्याला फार तर चहापुरता थांबा येतो. इथं कॅमेरा लावून दोन पात्रांना हळुवार बोलायला लावील असा दिग्दर्शक विरळा, कारण बंगळुरूकडे जाणारा ट्रकवाला कोणाच्या प्रेमप्रसंगासाठी हॉर्न आवरत नाही.

पूर्वी हॉर्नची पंचाईत नव्हती. बाहेरच्या चित्रीकरणात कॅमेराच एवढा खडखडायचा की जागेवरचा आवाज ठेवण्याचा प्रश्नच नसे. संवाद नंतर मुंबईच्या स्टुडिओत डब व्हायचे. गावकरी कट्ट्यावर बसून शेरे मारोत की टाळ्या वाजवोत, पडद्यावर काही येत नसे. ‘लगान’ (2001) या बड्या चित्रपटानं जागेवरच ध्वनिमुद्रण केलं आणि हिंदीत ही पद्धत पुन्हा रुजायला लागली. कॅमेरे डिजिटल होऊन खडखड थांबली, कपड्यात लपणारे बिनतारी माइक आले. नटाचा श्वासही हवा, असं ध्वनिमुद्रक म्हणू लागले. आणि तिथून गावाला काम लागलं.

हे काम कसं असतं? शॉट लागण्याआधी निर्मितीखात्यातला एक पोरगा गल्लीतून पळतो. पिठाची गिरणी बंद करा, काका. तो पंप दहा मिनिटं थांबवा. कुत्रं आवरा. कुकर उतरवा, शिट्टी होईल. जनरेटर व्हॅन आधीच लांब उभी केलेली असते, तिच्या केबली बोळांतून ओढत आणलेल्या असतात. मग ‘साइलेन्स’ची आरोळी, ‘रोल साउंड’, आणि सगळी आळी चिडीचूप. शॉट संपल्यावरही सुटका नाही. ध्वनिमुद्रकाला त्या जागेची नुसती शांतता हवी असते, तुकडे जोडताना खाली पसरायला. तेवढा वेळ हिरोपासून स्पॉटबॉयपर्यंत सगळे जागच्या जागी खिळतात, आणि ओट्यावरची आजीसुद्धा. ती शांतता चित्रपटात वापरली जाते. म्हणजे आजीनं चित्रपटात काम केलेलं असतं.

नवं यंत्र आलं की कामाला नवे हात लागतात, हे आपल्याकडे पहिल्यापासूनचं आहे. दादासाहेब फाळक्यांना फिल्मच्या कडांना भोकं पाडणारं, रात्री ती धुणारं माणूस हवं होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी घरचा स्वयंपाक सांभाळून ते केलं. 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’वर नाव मात्र एकाचंच गाजलं. बोलपट आला तसा ‘प्रभात’ फिल्म कंपनीला गाता गळा हवा झाला. पार्श्वगायन रुळायचं होतं, ज्याला गाता येईल तोच नट. म्हणून 1932च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे झाले, आणि संगीतही त्यांचंच. कोल्हापूरच्या त्या कंपनीचं आम्हाला कौतुक वाटतं ते यासाठी, की कारागिरी आणि मालकी तिथं वेगळी नव्हती. ध्वनी दामल्यांचा, नेपथ्य फत्तेलालांचं, कॅमेरा धायबरांचा, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, आणि सगळे भागीदार. पुढं पुण्यात 1936 साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल या दोघांनी, म्हणजे एका ध्वनिवाल्यानं आणि एका नेपथ्यकारानं. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोचलेल्या त्या चित्रपटावर एकट्याच्या प्रतिभेचा शिक्का मारायचा, तर कोणाचा मारणार?

आज मात्र पाटी झळकते ती ‘अमुक यांचा चित्रपट’ अशी. भरीला, हातात मोबाइल आला, आता सिनेमा एकट्यालाही करता येतो, असं व्याख्यानांतून ऐकवलं जातं. खुशाल करावा. पण त्या मोबाइलसमोर कोणाला तरी बोलतं करायचं आहे ना? मग शेजारच्याचा मिक्सर बंद करायला सांगावं लागेलच. यंत्र खिशात मावलं म्हणून माणसं लागायची थांबत नाहीत. कोणती लागतात, एवढंच बदलतं.

आमची तक्रार श्रेयनामावलीबद्दल आहे. वाई-मेणवलीनं हिंदी चित्रपटाला किती गावं पुरवली! ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचं चरणपूर झालं. ते ठीकच, नटानं दुसऱ्याचं नाव घ्यायचंच असतं. पण नटाचं खरं नाव निदान पाटीवर येतं. गावाच्या वाट्याला बहुधा शेवटी धावत्या अक्षरांत ‘समस्त ग्रामस्थांचे आभार’ येतात, तेही पोलीस ठाणं आणि वनखातं यांच्या रांगेत. लोकेशनचं भाडं देतो की, असं निर्माते म्हणतील. वाड्याचं देतात, खरं आहे. गिरणी बंद राहिली त्या तासाभराचं काय, आणि दळण घेऊन ताटकळलेल्या बाईचं काय, हे लोकेशन मॅनेजरच्या मर्जीवर. जमलं तर चहा, नाही जमलं तर हिरोसोबत फोटो.

नावं छापायला आता फिल्म खर्ची पडत नाही. डिजिटल पाटीवर पन्नास नावं वाढवली, तर फार तर मिनिटभर लांबी वाढेल. एवढं करायला निर्मात्याला कोणाची परवानगी लागत नाही. अर्थात ती वाचणार कोण, हेही विचारता येईल. थिएटरात शेवटची चौकट संपायच्या आत दिवे लागतात आणि झाडूवाला आत येतो. घरी ओटीटीवर नावं सुरू होतात न होतात तोच ती कोपऱ्यात आक्रसतात आणि पुढचा चित्रपट उलटी मोजणी सुरू करतो. तेव्हा पाटी शेवटी नको, सुरुवातीला हवी, हिरोच्या नावाआधी नसली तरी निर्मात्याच्या मेहुण्याच्या नावाआधी.

किकवीला यातलं काहीच लागू नाही. तिथं हॉर्न चालू आहेत.