सीमारेषेवरची साखर आणि आपले ताट



कार्यालयातली वार्षिक तपासणी असो वा विम्यासाठी केलेली, अहवालाच्या कागदावर एखाद्या आकड्यापुढे छोटासा बाण दिसतो. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी ६.०. घरात कोणीतरी म्हणते, "अजून मधुमेह झालेला नाही ना, मग झाले तर!" आणि तो कागद कपाटातल्या फाइलमध्ये जाऊन पडतो. दुसऱ्या एखाद्या घरात नेमके उलटे घडते. त्याच रात्रीपासून भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद. आणि पंधरा दिवसांनी सारे पूर्ववत. आजचा लेख या दोन्ही घरांसाठी आहे.

हा आकडा काय सांगतो?

उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १०० ते १२५ मिलिग्रॅम, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर त्या स्थितीला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेसाठी ११० ही खालची मर्यादा धरते.) या अवस्थेत स्वादुपिंड इन्सुलिन तयार करीत असते, पण स्नायू आणि यकृत त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. मग तेवढेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक राबावे लागते. काही वर्षांनी ते थकते आणि साखर सीमारेषा ओलांडते. या साऱ्या काळात बहुधा काहीच दुखत-खुपत नाही, म्हणून त्या कागदाची आठवण राहत नाही.

मुंबईपुरते बोलायचे, तर २०२१ साली महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केलेल्या सर्वेक्षणात सुमारे १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली, आणि आणखी सुमारे साडेपंधरा टक्के लोक या सीमारेषेवर होते. अंधेरी-घाटकोपरच्या मेट्रोच्या डब्यात तुमच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या सहा-सात प्रौढांमागे एक, असे हे प्रमाण आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की येथून मागे फिरता येते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अवस्थेतील ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी आहार आणि चालणे यांत नेटाने बदल केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. बदल करूनही काहींना मधुमेह झाला, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही हा फरक लहान नाही.

बारीक अंगकाठीचा भ्रम

"मी तर बारीक आहे, मला कसे होईल?" हा प्रश्न मराठी घरांत हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती सुमारे ९ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी अशी ही आपल्याकडची ठेवण आहे. म्हणून वजनाच्या काट्याबरोबर शिवणकामाची टेपही वापरा. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असेल, तर वजन कितीही असो, सावध व्हावे.

एका दिवसाचा हिशेब

आता ताटाकडे वळू. समजा, तुम्ही बोरिवलीला राहता आणि चर्चगेटला नोकरीला जाता. सकाळी एक बशी पोहे, त्यात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके. दिवसभरात दोन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे २० ग्रॅम. चहाबरोबर चार बिस्किटे, १६ ग्रॅम. डब्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर भात, मिळून सुमारे १३५ ग्रॅम. संध्याकाळी स्थानकाबाहेर एक वडापाव, साधारण ४० ग्रॅम. रात्री साडेनऊला तीन पोळ्या आणि दीड वाटी भात, ११५ ग्रॅम. पोळी, वाटी आणि पाव यांच्या आकारानुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतील. पण बेरीज साडेतीनशे ग्रॅमच्या पुढेच जाते. एवढ्यातूनच सुमारे दीड हजार उष्मांक मिळतात, आणि बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची एकूण गरज साधारण २१०० उष्मांकांची असते.

या दिवसात तुम्ही मिठाई खाल्लेली नाही, शीतपेय घेतलेले नाही, हॉटेलात गेलेला नाहीत. सगळे 'साधे घरचे जेवण', फार तर एक वडापाव. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासातही हेच दिसले, की आपल्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा असतो आणि प्रथिने फार कमी पडतात. तेव्हा प्रश्न एकट्या साखरेच्या डब्याचा नाही. पोळी, भात, पोहे, पाव आणि बटाटा हे एकाच ताटात एकमेकांच्या मदतीला येतात, ही खरी अडचण आहे.

चार बदल: मात्रा, सोबत, क्रम आणि वेळ

*मात्रा.* पोळी-भाकरी किंवा भात, यांनी मिळून ताटाचा चौथा हिस्सा व्यापावा. निम्मे ताट भाज्या आणि कोशिंबिरीचे. उरलेला चौथा हिस्सा डाळ, उसळ, पनीर, अंडे किंवा मासे यांचा. भात सोडण्याची गरज नाही. कोकणातून आलेल्या माणसाला भात सोडायला सांगणे आणि तो सोडेल अशी अपेक्षा धरणे, दोन्ही व्यर्थ आहे. अर्धी वाटी भात घ्या आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा. बटाट्याची भाजी असेल, तर तिला भाजी न मानता भाताच्या रांगेत बसवा.

*सोबत.* कर्बोदके एकटी खाल्ली, तर साखर झपाट्याने चढते. प्रथिने, तंतू आणि थोडी स्निग्धता सोबत असली, तर ती सावकाश चढते. पोहे करायचेच असतील तर निम्मे पोहे घ्या. त्यांत मटार, कांदा, शेंगदाणे भरपूर घाला आणि सोबत वाटीभर मोड आलेले मूग किंवा एक उकडलेले अंडे असू द्या. वरण पातळ करून भातावर ओतण्याऐवजी घट्ट शिजवून वाटीने खा. घाटकोपर-मुलुंडकडच्या घरांत खाकरा-चहा हा नाश्ता असतो. त्याच्याबरोबर घट्ट दही किंवा मुगाची उसळ ठेवली, तर तोच नाश्ता बराच सुधारतो.

*क्रम.* आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा आमटी, शेवटी पोळी-भात. एवढा क्रम बदलला, तरी जेवणानंतर साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसले आहे. यासाठी एक पैसाही लागत नाही.

*वेळ.* उपनगरातील माणसाची खरी कसोटी येथे आहे. घरी पोहोचायला नऊ वाजतात, भूक अनावर झालेली असते, आणि दिवसातले सर्वांत मोठे जेवण झोपेच्या तासभर आधी होते. गाडीचे वेळापत्रक तुमच्या हातात नाही. पण सहा-साडेसहाची भूक आहे. पिशवीत मूठभर फुटाणे आणि एखादा पेरू ठेवा. गाडीत बसण्यापूर्वी ते खाल्ले, तर स्थानकाबाहेरचा वडापाव रोज हाक मारणार नाही आणि रात्रीचे जेवण आपोआप आटोपशीर होईल. स्थानकापासून घर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर असेल, तर शेअर रिक्षाची रांग सोडून चालत या. जेवणानंतर इमारतीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटे फिरा. चालताना स्नायू रक्तातली साखर उचलतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही.

आता तोच दिवस पुन्हा मांडून पाहा. सकाळी मुगाच्या डाळीची दोन घावने, बिनसाखरेचा चहा. डब्यात दोन पोळ्या, पालेभाजी, वाटीभर मटकीची उसळ, ताक. संध्याकाळी फुटाणे आणि पेरू. रात्री एक ज्वारीची भाकरी, भाजी, घट्ट आमटी आणि अर्धी वाटी भात. बेरीज सव्वादोनशे ग्रॅमच्या आत येते. पोट रिकामे राहत नाही आणि ताट परकेही वाटत नाही.

फसवे मित्र

गूळ आणि मध यांना साखरेपेक्षा सात्त्विक मानण्याची आपल्याकडे रीत आहे. पण रक्ताला हा भेद फारसा कळत नाही. नाचणी चांगली, तरी तिच्या बारीक पिठाची लापशी साखर लवकर चढवते. त्यापेक्षा भाकरी बरी. फळ खावे, रस टाळावा. एका पेल्यात तीन-चार संत्री पिळली जातात आणि चोथा मागेच राहतो. भाकरीतही पोळीसारखीच कर्बोदके असतात. 'ज्वारीची आहे' म्हणून तीन खाल्ल्या, तर लाभ संपला.

आणि उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके आणि प्रथिने नावापुरती. त्यात बटाटा पडला, की 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण रक्ताच्या अहवालातही खरी ठरते. उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची एखादी भाकरी असा फराळही तेवढाच उपासाचा असतो.

घरात दोन स्वयंपाक नकोत

एकाच्या अहवालासाठी स्वतंत्र भाजी, स्वतंत्र भाकरी असे करू लागलो, तर ते महिनाभरही टिकत नाही. करणारीही थकते आणि खाणाऱ्यालाही आपण आजारी असल्याची जाणीव रोज टोचते. वर सांगितलेले ताट घरातल्या सर्व मोठ्या माणसांना मानवणारे आहे. वाढत्या मुलांना पोळी-भात हवा तेवढा अधिक द्यावा.

एक गोष्ट मात्र मुद्दाम विचारतो. तुमच्या घरात सर्वांत शेवटी जेवायला कोण बसते? उसळ संपलेली असते, कोशिंबिरीचा तळ उरलेला असतो. आणि भात वाया जाऊ नये म्हणून तोच तिच्या ताटात जातो. गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिला पुढे मधुमेहाचा धोका इतरांहून बराच अधिक असतो, आणि बहुतेक घरांत ती गोष्ट बाळंतपणाबरोबरच विसरली जाते. तेव्हा उसळीची एक वाटी आधी तिच्यासाठी बाजूला काढा. त्याहून बरे म्हणजे सर्वांनी एकत्र जेवायला बसा.

थोडी सावधगिरी

मधुमेहाची औषधे सुरू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, गरोदरपण असेल, किंवा वृद्ध व्यक्तीचे वजन आधीच घटत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज आहारात मोठा बदल करू नये. रक्तक्षय किंवा थॅलेसेमिया मायनर असेल, तर एचबीएवनसीचा आकडा फसवा निघू शकतो. लोहाच्या कमतरतेत तो वास्तवाहून जास्त दिसतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर तपासून निर्णय घ्यावा.

आज एवढेच करा. फाइलमधला तो कागद काढून स्वयंपाकघरात दिसेल अशा जागी लावा. तीन दिवस जे खाल्ले, ते वेळेसह वहीत लिहा आणि त्यातली एकच सवय आधी बदला. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. पहिल्याच वेळी आकडा फार खाली आला नाही, तरी निराश होऊ नका. तो वर चढायचा थांबला, हीसुद्धा मोठी कमाई आहे. एक पोळी कमी आणि एक वाटी उसळ जास्त, एवढ्यापासून आरंभ करता येतो.