तळहातावरचा खेळ

दिवाळीला गावी जावे की न जावे, हा प्रश्न शहरात राहणाऱ्या गृहस्थाला नवरात्र संपले की पडू लागतो. गाडीचे आरक्षण मिळत नाही, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात, हिच्या माहेरी पाडव्याला जायचे असते. ही कारणे आपण इतक्या वेळा सांगतो की शेवटी आपल्यालाही ती खरी वाटू लागतात. मी तीन दिवाळ्या आमच्या पिंपळगाव राजाला गेलो नव्हतो. कोणी विचारलेच तर गाड्यांच्या गर्दीकडे बोट दाखवीत असे. खरे कारण एका ओळीचे होते, आणि ती ओळ मीच लिहिली होती.

पिंपळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातले, खामगाव तालुक्यातले गाव. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरायचे आणि पुढे कापसाच्या नि तुरीच्या शेतांमधून एसटीने जायचे. वडिलांच्या मागे थोरले दादा गावी राहिले, मी नोकरीसाठी पुण्याला आलो. माझ्या वाट्याचे शेतही दादाच पाहतात आणि दरसाल जे उरेल ते न मागता पाठवितात. चार वर्षांपूर्वी ती रक्कम बरीच कमी आली. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी मोबाइलवर लिहिले, ‘या सालचा हिशेब दाखवाल का?’ अंगठा दाबला आणि झोपी गेलो.

उत्तर आले नाही. आठ दिवसांनी कुरिअरने एक जाड पाकीट आले. वहीच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स! फवारणी, वेचणीची मजुरी, पावसाने काळी पडलेली बोंडे, मिळालेला भाव. सारे पैशापर्यंत बरोबर. सोबत पत्र मात्र नव्हते. त्यानंतर फोन होत राहिले, पण वहिनींच्या आणि हिच्यामध्ये. आम्ही दोघे भाऊ ‘दादांना नमस्कार सांगा’ आणि ‘त्याले आशीर्वाद सांग’ यांवर आलो.

गेल्या दिवाळीला मात्र जावे लागले. दादांचा धाकटा मुलगा जपानात, ओसाकाला नोकरीस असतो. तो चार वर्षांनी घरी येणार होता. त्याने बजावून सांगितले, “काका, तुम्ही आला नाहीत तर मी पुण्याला येणार नाही.” पुतण्याचा हट्ट मोडता येत नाही. आम्ही गेलो.

घर तेच होते. ओटीच्या आतल्या बैठकीत जुना पेटीसारखा टीव्ही होता. याच जागी १९८७ मध्ये दादांनी पहिला टीव्ही आणला, तेव्हा रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहायला सारी गल्ली आमच्या बैठकीत बसत असे. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत जाई. आता त्याच बैठकीत आम्ही सात माणसे होतो आणि सातही जण आपापल्या मोबाइलवर मान घालून बसलो होतो. मी आणि दादा तर जरा अधिकच मन लावून पाहत होतो. मोबाइलची ही एक सोय आहे. ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्यासमोर बसून बोटांना काम देता येते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पुतण्याने बॅग उघडली. ओसाकाच्या निप्पोनबाशी भागात जुन्या खेळांची दुकाने आहेत, तिथून त्याने तीन वस्तू आणल्या होत्या. पहिली, विटकरीएवढी करड्या रंगाची डबी: ‘गेम बॉय’, हातात धरून खेळायचे यंत्र, १९८९ सालचे. दुसरी, टीव्हीला जोडायचे ‘सुपर फॅमिकॉम’ हे मोठे यंत्र, १९९० सालचे. आणि तिसरी म्हणजे या दोघांची सोयरीक जुळविणारी जाडशी कॅसेट, तिचे नाव ‘सुपर गेम बॉय’. ती १९९४ च्या जूनमध्ये जपानात विकायला आली, तेव्हा किंमत होती ६,८०० येन. तिच्या डोक्यावर खाच असते. त्या खाचेत हातातल्या यंत्राची छोटी कॅसेट बसवायची, ही जाड कॅसेट मोठ्या यंत्रात बसवायची, की तळहातावरचा खेळ टीव्हीवर दिसू लागतो.

हे सारे बनविणारी ‘निन्टेन्डो’ कंपनी १८८९ साली क्योटोमध्ये निघाली ती पत्ते बनविण्यासाठी! फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते ती तयार करीत असे. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आपल्यासारखेच, दिवाळीत पत्ते कुटणारे!” गेम बॉय ज्यांच्या हाताखाली घडला ते गुनपेई योकोई याच कंपनीत १९६५ साली लागले. त्यांचे सांगणे असे की, नव्या महागड्या तंत्राच्या मागे धावू नका. जे तंत्र जुने, स्वस्त आणि पारखलेले झाले आहे त्याचाच काही निराळा उपयोग शोधा. म्हणून इतरांची हातातली यंत्रे रंगीत झाली तरी गेम बॉय चार छटांचा, हिरवट पडद्याचाच राहिला. त्या रंगीत यंत्रांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. हा गरीब गडी चार पेन्सिल सेलवर दिवसचे दिवस चाले. कोणत्याही मध्यमवर्गीय गृहिणीला योकोईंचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.

पुतण्याने पिवळी, पांढरी, तांबडी अशा तीन वायरी टीव्हीला जोडल्या. जपानातली वीज १०० व्होल्टची, त्यामुळे एक वजनदार ट्रान्सफॉर्मरही त्याने बरोबर आणला होता. “बापा, लोखंडच आणलंन विमानातून,” असे म्हणून दादा पुन्हा मोबाइलकडे वळले.

माझी समजूत अशी की, ही जाड कॅसेट म्हणजे नुसते भिंग असावे. लहान चित्र मोठे करणारे. पुतण्या हसला. म्हणाला, “काका, हिच्या पोटात अख्खा गेम बॉय आहे. तोच मेंदू, तीच स्मृती. फक्त पडदा नि बटणे काढून घेतलेली. खेळ सगळा आतच चालतो. मोठे यंत्र त्याचे चित्र टीव्हीवर नेते, त्यात थोडे रंग भरते आणि आपली बटणे आत पोचविते.” चित्रही पडदाभर होत नाही. मूळ खेळ १६० ठिपके रुंद आणि १४४ उंच. मोठ्या यंत्राचे चित्र २५६ रुंद आणि २२४ उंच. मग उरलेल्या जागेत भोवती नक्षीची चौकट येते, देवघरातल्या तसबिरीला असते तशी. लहान वस्तू ताणून मोठी करण्यापेक्षा तिला चौकट देऊन मधोमध ठेवावी, ही गोष्ट मला फार सुसंस्कृत वाटली.

खेळ होता ‘टेट्रिस’. मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो १९८४ साली रचला. वरून चार-चार चौकोनांचे तुकडे पडतात, सात तऱ्हांचे. ते फिरवून खाली असे बसवायचे की दहा चौकोनांची आडवी ओळ भरावी. ओळ भरली की नाहीशी होते. फटी राहिल्या की ढीग वर चढतो आणि छताला लागला की खेळ खलास.

आधी आमची मुलगी खेळली. मग वहिनी खेळल्या, आणि विळीवर बसून चकलीची भाजणी करणाऱ्या हातांनी तिला मागे टाकले. दोघींना एकदम खेळता येत नव्हते. गेम बॉयला गेम बॉय जोडायची तार लावण्याची सोय या पहिल्या कॅसेटला ठेवलेली नाही. ती १९९८ मध्ये जपानात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीला मिळाली. त्यामुळे एकाने खेळायचे आणि बाकीच्यांनी चुका काढायच्या. घरात आनंद पसरायला एवढे पुरते! तासाभरात मोबाइल एकेक करून पालथे पडले.

माझी पाळी आली. मला काही जमेना. फटींवर फटी राहिल्या, ढीग गळ्याशी आला. एक लांब दांडी वरून उतरत होती आणि मी ती उभीच घेऊन चाललो होतो. मागून आवाज आला,

“अरे आडवी ठिव नं ते! उभी काहून घालतं?”

मी बटण दाबले. दांडी आडवी पडली, ओळ भरली आणि गेली. मी मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर बहुधा दोघेही अवघडलो असतो. पडद्याकडे पाहत मी विचारले, “आता हा कुठे घालू, दादा?”

“डावीकडे. कोपऱ्यात. हां.”

चार वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेली ही पहिली वाक्ये.

संध्याकाळी पूजा झाली. खेळाबरोबर एक रशियन लोकगीत वाजते, फिरत्या विक्रेत्यांचे. दादा भजनाला पेटी वाजवितात. त्यांनी पेटी ओढली आणि ते गाणे धरू लागले. चाल पहिल्या झटक्यात बसली, पण स्वर जमेना. “दोन पट्ट्यांच्या मधात वाजते हे,” ते कुरकुरले. आम्ही म्हटले, जपानी यंत्र आणि वऱ्हाडी पेटी, कसे जमणार!

तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही अंधारला आणि वहिनींचा मोठा डाव अंधारात बुडाला. टेट्रिस मधला डाव जपून ठेवीत नाही. सारे हळहळले आणि हात सवयीने मोबाइलकडे गेले. पण पुतण्याने जाड कॅसेटीतून छोटी कॅसेट उपसली आणि करड्या डबीत घातली. तिला चार पेन्सिल सेल हवे होते. भिंतीवरच्या घड्याळातून एक, गजराच्या घड्याळातून एक आणि दादांच्या बॅटरीतून दोन, असे ते जमले. भिंतीवरचे घड्याळ आठला दहा कमी असताना थांबले.

पण या डबीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. मोबाइलचा दिवा धरला तर तो काचेवरून परतून डोळ्यांत जाई. वहिनींनी ओटीवरच्या दोन पणत्या आणून दोन्ही बाजूंना ठेवल्या. तळहाताएवढ्या त्या पडद्याभोवती सात डोकी जमली. माझा खांदा दादांच्या खांद्याला लागला होता.

गाणे सुरू झाले. दादांनी पेटीवर बोट ठेवले आणि चमकून म्हणाले, “आता लागला! मघाशी चढं होतं.”

आम्ही हसलो, पुतण्या हसला नाही. दादांचे म्हणणे खरे होते. हातातल्या गेम बॉयचे घड्याळ सेकंदाला सुमारे ४१.९ लाख ठोके देते. त्या जाड कॅसेटीला स्वतःचे घड्याळ नाही. ती मोठ्या यंत्राचे २ कोटी १४ लाख ७७ हजार ठोके घेते आणि त्यांना पाचाने भागते. ते येतात जवळजवळ ४३ लाख. त्यामुळे टीव्हीवर खेळ शेकडा २.४ ने भरभर चालतो आणि गाणे अर्ध्या पट्टीहून किंचित कमी एवढे चढते. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने वेगळे घड्याळ घालून ही खोड दूर केली. “इतका फरक कानाला कळत असेल असे मला वाटले नव्हते,” पुतण्या म्हणाला. दादा नुसते म्हणाले, “पैशापैशाचा फरक कळते रे.”

ते मला उद्देशून बोलले नसावेत. पण मला ते लागले, आणि लागणे रास्तच होते. त्या उजेडात, सगळ्यांच्या देखत मी म्हटले, “दादा, मी ते विचारायला नको होते.”

थोडा वेळ गाणेच वाजत राहिले. मग दादा म्हणाले, “विचारायले काय झालं? हक्काचं आहे तुयं. पण इथं येऊन, समोर बसून विचारतं. वही मीच काढली असती. रात्री अकरा वाजता मोबाइलवर कोनी भावाले हिशेब मागते काय?”

वहिनी म्हणाल्या, “खेळा आता. सेल संपतीन.”

मी नंतर पुष्कळदा विचार केला. त्या जाड कॅसेटीने खेळात एक चौकोनही नवा घातला नाही. तुकडे तेच होते, नियमही तेच. किंबहुना गाणे थोडे बिघडलेच. तिने केले एवढेच की, एकाच्या मुठीतली गोष्ट घरादाराच्या समोर आणून ठेवली. माझा प्रश्नही तसा सरळच होता. तो बैठकीत, चहा घेता घेता विचारला असता तर दादांनी वही पुढे केली असती आणि पावसाला चार शिव्या दिल्या असत्या. अंथरुणात, एकट्याच्या मुठीतून गेला म्हणून तो आरोप झाला.

पुढे २००३ साली याच कंपनीने नव्या यंत्रासाठी ‘गेम बॉय प्लेयर’ ही जोडणी काढली. २०१७ पासून तर हातात धरायचे यंत्र घरी आले की खाचेत उभे करायचे आणि तोच खेळ टीव्हीवर पाहायचा, अशी सोय एकाच यंत्रात झाली. हे मुलांना शिकवावे लागत नाही. शिकायचे असते ते आमच्यासारख्यांना.

निघण्याच्या दिवशी दादा एसटीपर्यंत आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, “पुढच्या खेपेला सेल घेऊन येजो. घड्याळ बंद पडते.”

यंदाची तिकिटे मी दसऱ्याआधीच काढून ठेवली आहेत. बॅगेत हिच्या अनारशांच्या डब्याशेजारी पेन्सिल सेलची दोन पाकिटे आहेत. पुतण्या या वर्षी येणार नाही, पण यंत्र त्याने तिथेच ठेवले आहे.