सोसणाऱ्या बाईला टाळ्या कशासाठी?

‘वेड’ बघून लातूरहून परतलेल्या आमच्या किल्लारीतल्या बायकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘माय, किती सोसलं गं त्या पोरीनं!’ हे हळहळून म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. ते कौतुकानं म्हटलं जात होतं. पुरुषांचं मत त्याहून पक्कं होतं, बायको असावी तर अशी. मला बोलायचंय ते या कौतुकाबद्दल आणि या मताबद्दल. सिनेमा काढणाऱ्यांनी त्यांना जे काढायचं ते काढलं. तिकीट काढून, पदर भिजवून आपण त्यातलं काय घरी आणलं याचा जाब मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.

30 डिसेंबर 2022 ला ‘वेड’ लागला. रितेश देशमुखचं हे पहिलं दिग्दर्शन, नायिका म्हणून जेनेलियाचा पहिला मराठी सिनेमा, संगीत अजय-अतुलचं. रितेश बाभळगावचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा. त्यामुळे लातूर-औसा-निलंगा या पट्ट्यात माणसं घरचं कार्य असल्यासारखी थेटरात गेली. मूळ गोष्ट 2019 च्या ‘मजिली’ या तेलुगू सिनेमाची. हिंदीवाल्यांच्या खर्चापुढे ‘वेड’चं बजेट काहीच नव्हतं, तरी त्यानं 50 कोटींच्या पुढे धंदा केला. मराठी सिनेमा चालला याचा मलाही आनंद आहे. पण ‘आपला माणूस, आपला पिच्चर’ एवढ्यावर तोंडाला कुलूप लावायला मी तयार नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सत्या क्रिकेट खेळतो, निशावर प्रेम करतो आणि दोन्ही त्याच्या हातून जातात. मग वर्षानुवर्षं दारू. लग्न होतं श्रावणीशी, जिनं आधीपासूनच त्याच्यावर जीव लावलेला आहे. श्रावणी नोकरी करते, घर चालवते, नवऱ्याची बाटलीसुद्धा तिच्याच पगारातून येते. तो तिच्याकडे धड बघत नाही. ती वाट बघते. त्याच्या बापाला, अशोक सराफांनी केलेल्या त्या म्हाताऱ्याला, पोराची लाज वाटते. श्रावणीला वाटत नाही. अखेर त्याला तिचं मोल कळतं आणि सगळं थेटर डोळे पुसतं.

त्या अंधारात माझ्या पुढच्या रांगेत बसलेली बाई हुंदके देत होती. तिच्या शेजारी तिचा नवरा होता. पडद्यावर श्रावणी पुन्हा एकदा मुकाट गिळून बाजूला झाली तेव्हा तो वाकून तिला म्हणाला, ‘बघ, शिक काहीतरी.’ ती डोळे पुसता पुसता हसली आणि तिनं मान हलवली. मला त्या माणसाचा राग आलाच, पण त्या मानेचा जास्त आला. दोनअडीच तासांच्या सिनेमानं त्याला एक हत्यार दिलं आणि तिनं ते त्याच्या हातात नीट बसवून दिलं. सिनेमा संपल्यावर तो घरी जातो, तिथं श्रावणी हे पात्र राहत नाही, तो दाखला होतो. पगार आणून हातात ठेवायचा, तोंड उघडायचं नाही, आणि एक दिवस नवरा सुधारेल म्हणून बसून राहायचं. आमच्या भागात दारुड्याची बायको म्हणून जगणाऱ्या किती बायका आहेत हे कुणी मला मोजून दाखवायची गरज नाही. गल्लीगल्लीत त्यांची नावं मला माहीत आहेत. त्यातल्या एकीचाही नवरा तिच्या वाट बघण्यानं सुधारलेला मी पाहिलेला नाही. सुधारले ते उपचारानं, भावांनी येऊन दम दिल्यानं, नाहीतर बायको लेकरं घेऊन माहेरी निघून गेल्यानं. हे थेटरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं आणि तरी ती टाळी वाजवते.

किल्लारीत राहून हा सिनेमा बघताना मला आणखी एक गोष्ट छळते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती बोळवून झोपलेलं आमचं गाव दगडमातीच्या भिंतींखाली गेलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं उठवून नव्या जागी बसवावी लागली. जोडीदार गमावलेली माणसं घरोघर होती. ज्यांच्या बायका गेल्या त्या पुरुषांची लग्नं नातेवाइकांनी भराभर लावली. लेकरं कोण बघणार, भाकरी कोण थापणार, म्हणून. ज्यांचे नवरे गेले त्या बायकांच्या लग्नाचा विषय बहुतेक घरांत निघालाच नाही. पुरुषाला दुःख करायला आपण सवड दिली नाही आणि बाईला दुःखाशिवाय दुसरं काही करू दिलं नाही. असं वागलेली आपण माणसं. आणि पडद्यावर वर्षानुवर्षं निशाच्या आठवणीत पीत बसलेला सत्या दिसला की तो आपल्याला थोर प्रेमवीर वाटतो. त्याचं दुःख त्याला परवडतं, कारण त्याचा खर्च श्रावणी उचलते.

आता ‘सैराट’ आठवा. 29 एप्रिल 2016 ला लागला. नागराज मंजुळेंनी 4 कोटींच्या आसपास खर्चात केलेला, नवी पोरं घेतलेला सिनेमा. मराठीत 100 कोटींच्या घरात जाणारा तो पहिला. त्याचीही सुरुवात क्रिकेटच्या मैदानावरच होते. परश्या टीमचा कॅप्टन आहे, चौके-छक्के मारतो आणि गाव ओरडतं. ‘झिंगाट’ला थेटरात पोरं पडद्यापुढे जाऊन नाचली, चिल्लर उधळली. आर्चीनं बुलेट चालवली, ट्रॅक्टर चालवला, त्यालाही शिट्ट्या पडल्या. पण त्या शिट्ट्या थेटरातच राहिल्या. बाहेर आल्यावर सूर बदलला. या पिच्चरनं पोरी बिघडल्या, शाळकरी लेकरं वाया गेली, असं पारावर बोललं गेलं आणि लोकप्रतिनिधीही जाहीरपणे तेच बोलले. शेवटी परश्या-आर्ची दोघांना मारून टाकतात, तान्हं लेकरू रक्ताचे पाय उमटवत घराबाहेर येतं, आवाज नाही, काही नाही. सगळं थेटर सुन्न होऊन बाहेर पडलं, हे खरं. पण त्याच सुन्न माणसांमधून मी माझ्या कानानं ऐकलं, ‘आईबापाचं ऐकलं न्हाई की असंच व्हतंय.’ खून बघून आलेला माणूस खुन्यांबद्दल चकार शब्द काढत नाही आणि मेलेल्या पोरीला दोष देतो! मंजुळेंनी आणखी काय दाखवायला हवं होतं?

हे दोन सिनेमे शेजारी ठेवा. सत्या खेळात हरला, प्रेमात हरला, बायकोच्या पैशावर प्यायला, तरी आपण त्याला माफ केलं आणि वर त्याच्यासाठी रडलो. आर्चीनं एकच केलं, आपला माणूस आपण निवडला. तिला माफी नाही. श्रावणीवर आपलं प्रेम आहे ते ती काही निवडत नाही म्हणून. ही आपल्या टाळ्यांमागची खरी गोष्ट आहे, आणि ‘करमणूक म्हणून बघायचं असतं, डोकं चालवायचं नसतं’ असं म्हणून ती झाकता येणार नाही. करमणूकच असती तर घरी येऊन बायकोला श्रावणीचा दाखला दिला नसता आणि पोरीला आर्चीचा धाक घातला नसता.

आर्ची म्हणून जिला आपण डोक्यावर घेतलं त्या रिंकू राजगुरूचं काय केलं तेही सांगते. अकलूजची शाळकरी पोरगी. सिनेमा चालला तसा गर्दीनं तिला शाळेत नीट बसू दिलं नाही. शेवटी शाळा सोडून 17 नंबरचा फॉर्म भरून तिनं बाहेरून दहावीची परीक्षा दिली. 17 नंबरचा फॉर्म कोण भरतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांची शाळा गरिबीनं, लग्नानं नाहीतर नापास होऊन सुटली, ती लेकरं. या पोरीची शाळा प्रेक्षकांच्या प्रेमानं सोडवली. मुलीवर प्रेम करायचं म्हणजे तिला घेराव घालायचा, एवढंच आपल्याला येतं.

आणि ‘वेड’मधलीच एक गोष्ट मला अजून कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालेली नाही. उत्तरार्धात निशाची मुलगी येते, खुशी. ती क्रिकेट खेळते आणि सत्या तिला शिकवतो. एक लहान मुलगी पॅड बांधून मैदानात उतरते, बॅट धरते, तिला खेळायचंय आणि ती खेळते. सगळ्या सिनेमात मला हीच जागा सगळ्यात मोलाची वाटली. मी बघून आलेल्या शेजारणींना विचारलं, मास्तरांना विचारलं, भाच्यांना विचारलं. गाणी सगळ्यांना पाठ, श्रावणीचे डोळे सगळ्यांच्या लक्षात, सलमान खान कुठल्या गाण्यात येतो तेही सांगतील. खुशीची बॅट कुणालाच आठवेना. सगळ्यांनी ती पोरगी म्हणजे सत्या-श्रावणीला जवळ आणायची सोय एवढंच धरलं होतं.

इंग्लंडमध्ये गुरिंदर चढ्ढांनी 2002 मध्ये ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ काढला. तोही छोट्या बजेटचा, शहरातला, खेळाचा आणि प्रेमाचा सिनेमा. पश्चिम लंडनमधल्या पंजाबी घरातली जेस फुटबॉल खेळते. आईला वाटतं, पोरीनं गोल चपात्या लाटाव्या, पूर्ण स्वयंपाक शिकावा, बहिणीसारखं रीतसर लग्न करावं. जेसचं मन तिच्या प्रशिक्षकावर बसतं, पण मैदान तिच्याच मालकीचं राहतं. प्रेम आलं म्हणून ती खेळ सोडून कडेला उभी राहत नाही. शेवटी बापच तिला लग्नाच्या मांडवातून सामन्याला जाऊ देतो. हा सिनेमा जगभर चालला, अगदी उत्तर कोरियाच्या सरकारी टीव्हीनंसुद्धा 2010 मध्ये तो दाखवला. तिथल्या माणसांना मुलीच्या पायातला बूट दिसला. आमच्या डोळ्यांना बाईच्या गळ्यातल्या मंगळसूत्रापलीकडे काही दिसत नाही.

बरं, आमच्याकडे खेळणाऱ्या मुली नाहीत म्हणावं तर तसंही नाही. किल्लारीच्या सीमेला लागून धाराशिव जिल्हा. तिथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतानं खो-खोचं सुवर्ण जिंकलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. एकवेळच्या जेवणावर दिवस काढून ती खेळली आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि कप्तान होती प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. कापसा-सोयाबीनच्या, ऊसतोडीच्या, टँकरच्या मुलखातल्या मुली जग जिंकून आल्या. त्यांच्यावर सिनेमा निघेल तेव्हा निघेल. आमच्या गावात त्या आठवड्यात किती जणांनी तो सामना लावला? मी दोन घरांत विचारलं तर टीव्हीवर दुसरंच चालू होतं.

मी स्वतः शाळेत खो-खो खेळले आहे. खांबाजवळ सूर मारताना कोपर सोलपटतं, गुडघ्यात माती भरते, आणि समोरची पोरगी आपल्या बोटाच्या टोकाला लागते न लागते त्या क्षणी अंगात जे येतं त्याची बरोबरी मी नंतर कशाशीच करू शकले नाही. त्यात प्रेमकथा नव्हती असं कुणी समजू नये. आम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या होतो, सगळं होतं. पण मैदानावर आम्ही कुणाची वाट बघत बसत नव्हतो. पाठीवर खो बसला की उठायचं आणि सुटायचं. आता गावातल्या मुलींचा सराव बघते तेव्हा आठवीपर्यंत नऊ जणी पुऱ्या होतात, वर तीन राखीव असतात. नववीत संघ मोडतो. एकीला ‘मोठी झाली’ म्हणून थांबवतात, एकीला धाकटं भावंड सांभाळायचं असतं, एकीचं ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. मराठवाड्यातल्या परभणीत हा आकडा 48 टक्के आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या. या मुलींना आपण श्रावणी दाखवतो आणि विचारतो, आवडली ना?

पोरीला खेळायला का पाठवत नाही असं विचारलं की येणारं बापलोकांचं एक उत्तर मला तोंडपाठ झालं आहे, ‘ताई, पाठवलं असतं हो, पण स्पर्धेला मुक्काम पडतो. पोरीची जात, मुक्कामाला कसं पाठवायचं?’ दोन दिवसांची विभागीय स्पर्धा, सोबत मॅडम, सोबत अख्खा संघ. तरी नाही. आणि हेच बाप दहावी झाली की त्याच पोरीला ‘लातूर पॅटर्न’साठी दोन वर्षं लातूरच्या हॉस्टेलवर ठेवतात. नीटचा क्लास, मेसचा डबा, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. त्यासाठी जमीन विकतात, कर्ज काढतात. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून बाप एवढं करतो याचा मला आदर आहे. पण मग मुक्कामाचं कारण माझ्यापुढे आणू नका. दोन वर्षांचा मुक्काम चालतो, दोन दिवसांचा चालत नाही, तर अडचण मुक्कामाची नाही. अडचण तिच्या अर्ध्या चड्डीची आहे, ती पळते याची आहे, तिला पळताना चार लोक बघतात याची आहे. तसं तोंडावर सांगा, मग पुढचं भांडण आपण नीट भांडू.