बरणी केवढी घ्यावी?

मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन संपादकांच्या भरवशावर! पण मुद्दा मराठीचा नाही, बॅकअपचा आहे.

मागच्या सेमिस्टरला आमच्या लॅबच्या सर्व्हरची हार्ड डिस्क गेली. "बॅकअप आहे ना!" सगळे म्हणाले. होता, पण तीन आठवड्यांपूर्वीचा. बॅकअपची डिस्क भरली होती आणि स्क्रिप्ट रोज रात्री मुकाट्याने फेल होत होती. आमचा मिनी प्रोजेक्ट नेमका त्याच तीन आठवड्यांतला. व्हायवाच्या आदल्या रात्री आम्ही चौघींनी तो पुन्हा टाइप केला.

डिस्क घेताना हिशोब काय केला होता? डेटा १८० जीबी, डिस्क १ टीबी, म्हणजे पाचपट. भरपूर!

आता नीट मांडू. दर रविवारी पूर्ण बॅकअप, चार आठवडे ठेवायचे: ७२० जीबी. बाकी सहा दिवस फक्त बदललेल्या फाइल्स, रोज साधारण ६ जीबी, म्हणजे चार आठवड्यांचे १४४. झाले ८६४. नवा पूर्ण बॅकअप नीट उतरेपर्यंत जुना पुसायचा नाही, म्हणून आणखी १८०. एकूण १०४४. आणि डिस्क? कंपनी १००० ने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने. १ टीबीचे हातात पडतात ९३१! आई लोणच्याची बरणी नुसत्या फोडींच्या मापाने घेत नाही, मसाला आणि वरचं तेलही धरते.

"कॉम्प्रेस करू की," असं एक सिनियर म्हणाला. सोर्स कोड छान दाबला जातो हो, पण जेपेग आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यात काही सुटत नाही. उलट व्हर्च्युअल मशीनची ४० जीबी दिसणारी फाइल डिस्कवर ६ च जीबी खात असते. टारला स्पार्स फाइल्सचा ऑप्शन दिला नाही, तर बॅकअपमध्ये ती पूर्ण ४० होऊन बसते.

माझं स्पष्ट मत आहे की एकूण डेटापेक्षा रोज किती बदलतो ते मोजावं, आणि तेही सबमिशनच्या आठवड्यात. सुट्टीत मोजून काय उपयोग? तेव्हा सर्व्हरवर माशा मारायलाही कोणी नसतं.

हा कागद मी सरांना दाखवला. "पुढच्या बजेटला बघू," म्हणाले. तोवर माझा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह आईच्या कपाटात.